छपरावरची तिसरी हाक

थोरल्या बाईसाहेब गेल्या तेव्हा ह्वाईच्या हातात पेजेचा वाडगा होता. राळ्याची पातळ पेज, वर दोन सुकी बोरं. तीन दिवस ताप होता, पण थंडीच्या तोंडावर म्हातारीला ताप यायचाच, त्यात नवल ते काय. ह्वाईनं वाडगा खाली ठेवला, रेशमाचा पुंजका काढून बाईसाहेबांच्या नाकाशी धरला. पुंजका हलला नाही. ह्वाई रडली नाही की ओरडली नाही. खुंटीवरचा निळा झगा तिनं काढून घेतला आणि ती सरळ मागच्या अंगणातल्या शिडीकडे निघाली.

कारण रडायचं नंतर असतं. आधी हाक मारायची असते. जीव निघाला तरी लगेच लांब जात नाही, अंगणात, आडापाशी, चुलीपाशी घुटमळतो. तेवढ्यात कुणीतरी छपरावर चढायचं, आढ्यावर उभं राहून उत्तरेला तोंड करायचं, मेलेल्याचा झगा फडकवायचा आणि त्याच्या घरच्या नावानं तीनदा हाक मारायची. तीन म्हणजे तीन, दोनवर भागत नाही. आला तर आला परत. नाही आला तर झगा खाली टाकायचा, तो मढ्यावर पांघरायचा आणि मग खुशाल गळा काढायचा. ज्याला हाकच मारली नाही तो जीव बिचारा दारादारात हिंडत राहतो, आणि कालांतरानं स्वतःचं घरसुद्धा विसरतो.

ह्वाईला हे कुणी शिकवायला नको होतं. तिची स्वतःची पोर बावीस दिवसांची होऊन गेली होती. बटकीच्या पोरीसाठी छपरावर कोण चढणार? त्याच आठवड्यात या घरात मुलगा झाला, बाओ. पोरीसाठी आलेलं दूध त्याला पाजलं गेलं आणि ह्वाई त्या दुधाबरोबर या घरची झाली. या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. बाईसाहेब तोंडानं फटकळ, पण त्यांनी ती पोर कधी विसरली नाही. "ह्वाई," त्या म्हणायच्या, "माझी हाक तूच मार हं. बाओचा आवाज घोगरा आहे मेला, मी परत यायची सोडून पळून जाईन." दोघी हसायच्या. पण हसता हसता ह्वाईनं शब्द दिला होता.

शिडीच्या चौथ्या पायरीवर असताना खालून आवाज आला.

"खाली उतर, ह्वाई."

यिन बाओ उभा होता. पिंगशीचा अंमलदार. कागदावर एका लहानशा तालुक्याचा कारकुनी अधिकारी, पण राजधानीत दंगे उसळल्यापासून ज्याच्यापाशी माणसं तोच राजा, आणि यिन बाओपाशी आठशेंची शिबंदी होती. कमरेला शिक्का, त्याचा काळा रेशमी गोफ गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

"बाईसाहेब गेल्या, धनी."

"मला कळलंय. हळू बोल. आधी उतर खाली."

"एवढी हाक मारते नि उतरते. वेळ निघून जाईल हो!"

त्यानं शिडी धरली आणि गदागदा हलवली नाही, एवढंच. "तू हाक मारलीस की गावाला कळेल. गावाला कळलं की सुभ्याला कळेल. मग मला सुतकापायी शिक्का उतरवून आईच्या थडग्याशी झोपडी बांधून बसावं लागेल. तीन वर्षं. आणि तो शिक्का कुणाला मिळेल सांग?"

ह्वाईला सांगायची गरज नव्हती. नदीपलीकडच्या गुआन दूला. तो मूळचा दरोडेखोर, आता सेनापती म्हणवून घ्यायचा. त्यानं गेल्या साली बेइलांग घेतलं. तिथल्या विहिरींचं पाणी अजून कुणी पीत नाही, आत काय काय टाकलं होतं ते आठवून.

"राळं कापून घरात येऊ दे," यिन बाओ म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, तेही सांगायला हवं. "फक्त पंधरा दिवस. शेतात माणसं आहेत, आत्ता वेशी उघड्या आहेत. पंधरा दिवसांनी मी स्वतः चढेन. तुझ्या आधी चढेन."

ह्वाई उतरली. इथंच चुकली ती, आणि हे तिनं पुढं कधी नाकारलं नाही.

बाईसाहेबांना लाकडी पेटीत निजवून, फटी लाखेनं बुजवून, बर्फाच्या तळघरात ठेवलं. ते सगळं यिन बाओनं स्वतःच्या हातानं केलं. बाहेर सांगितलं, दारूचे रांजण आहेत. पण एक अडचण उरली होती. बाईसाहेब रोज सकाळी दरवाजावरच्या सज्जात बसायच्या. बाया पाण्याला जायच्या त्या वेळेला यिन बाओ घोड्यावरून कचेरीला निघायचा, आणि म्हातारी वरून त्याला झापायची. "टोपी सरळ कर! काल पुन्हा ढोसलीस ना? वास इथवर येतोय!" आठशे लोकांचा सरदार खाली मान घालून ऐकायचा. अख्खं पिंगशी ते बघायला थांबायचं. ज्याला आई अशी झापते तो माणूस आपल्याला सोडून जायचा नाही, असं आम्हा लोकांना वाटायचं. सज्जा रिकामा दिसला असता तर दुपारपर्यंत बोभाटा झाला असता.

म्हणून ज्या झग्यानं हाक मारायची तो झगा ह्वाईच्या अंगावर चढला. बाईसाहेबांचा घसा बसलाय, बोलवत नाही, ह्वाई त्यांच्या सेवेला आतच असते, असं घरातून बाहेर सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्वाई सज्जात जाऊन बसली. तोंडावर पांढरं फडकं, हातात काठी. यिन बाओ खालून म्हणाला, "आई, येतो." तिनं काठी उगारली. बाया हसल्या आणि पाण्याला गेल्या.

राळं घरात आलं. ह्वाई म्हणाली, "धनी, पंधरा दिवस झाले."

"नदी गोठायच्या बेतात आहे. बर्फावरून त्याचे घोडे येतील. जरा थांब."

नदी गोठली. गुआन दू आला नाही.

"धनी, नदी गोठली."

"आता वितळेपर्यंत कळायचं नाही. मला काय हौस आहे? जरा दम धर ना!"

ह्वाई दम धरत राहिली. आणि खरं सांगायचं तर, आणि हे ऐकायला बरं वाटणार नाही, तिला ते आवडू लागलं होतं. रोज सकाळी कुणीतरी खालून "आई, येतो" म्हणायचं. ज्याला तिनं अंगावर पाजलं, ज्याच्या कानामागच्या तिळाला तेल लावलं, त्यानं चाळीस वर्षांत तिला ह्वाईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. खोटी का होईना, ती हाक कानावर पडली की तिला काठी उगारायचं भान राहायचं नाही. आणि लगेच लाज वाटायची. तळघरात बाईसाहेब तशाच पडल्यात, आणि आपण त्यांचा झगा घालून त्यांचा मुलगा मिरवतोय!

त्यात एक भीती तिच्या मनात घर करून बसली. बाईसाहेबांचा जीव घुटमळत सज्जाशी आला, तर त्यांना काय दिसेल? त्यांच्या जागी त्यांचाच झगा घालून कुणीतरी बसलेलं. त्यांना वाटेल, आपली इथं गरज उरली नाही. ह्वाई सज्जात बसल्या बसल्या ओठ न हलवता पुटपुटायची, "मी आहे हो, मी ह्वाई. जाऊ नका. एवढ्यात चढते."

थंडी सरत आली तेव्हा सुभ्याहून पत्र आलं. यिन बाओ पत्र घेऊन चुलीपाशी आला. एवढा खुशीत ह्वाईनं त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"निरीक्षक येतोय. शेन नावाचा म्हातारा. आईला सत्तरावं लागलं ना, पारव्याची काठी घेऊन येतोय."

सत्तरी गाठलेल्या माणसाला सम्राटाकडून काठी मिळते, मुठीवर लाकडी पारवा कोरलेली. पारव्याला खाताना कधी ठसका लागत नाही, म्हाताऱ्यांनाही लागू नये म्हणून तो पारवा. बाईसाहेब वर्षभर वाट बघत होत्या. "माझा पारवा येऊ दे, मग या बाओच्या पाठीत घालते बघ," म्हणायच्या. ह्वाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि ऐक," यिन बाओ म्हणाला, "माझ्या मातृभक्तीची कीर्ती सुभेदारापर्यंत गेलीय. मला तीन तालुक्यांचा अंमल मिळतोय. पूर्वेला, मोठं शहर. काठीबरोबर नवा शिक्का येतोय."

"आणि पिंगशी?"

"पिंगशी..." तो चुलीकडे बघत म्हणाला, "पिंगशी गुआन दूकडे जाईल. त्यालाही काहीतरी द्यायला हवं ना सुभेदाराला. शिबंदी माझ्याबरोबर येईल."

ह्वाईनं फुंकणी खाली ठेवली. "मग आपण हे सगळं कशासाठी केलं?"

त्यानं चुलीत एक लाकूड सारलं.

"आणि बाईसाहेब?"

"पेटी नेता यायची नाही, निरीक्षकाचा लवाजमा बरोबर असेल. तळघराचं तोंड लिंपून घेऊ. पुढं माणूस पाठवीन."

"गुआन दूच्या हातात ठेवून जाणार? आणि हाक? हे छप्पर सोडल्यावर हाक कुठून मारणार, धनी? त्यांना दुसरं कुठलं घर ठाऊक आहे?"

"चार महिने झाले, ह्वाई! आता कसली हाक घेऊन बसलीस?" तो चिडला, मग मऊ झाला. "तुला काय कमी पडणार आहे? तिथं माझी आई म्हणून राहशील. रेशमात. आणि तू गेलीस ना, की तुझ्यासाठी मी माणूस चढवीन छपरावर. शपथ घेतो. झालं?"

"कुणाच्या नावानं चढवाल, धनी?"

तो उठून गेला.

निरीक्षक शेन आला त्या दिवशी रात्रभर पडणारं बर्फ सकाळी थांबलं होतं. पाहुण्याच्या डोक्यावर पडू नये म्हणून शिबंदीच्या लोकांनी छपरावरचं बर्फ ओढून काढलं होतं, त्यांची शिडी तशीच पुढच्या अंगणात भिंतीला टेकून राहिली होती. दरवाजे सताड उघडे. अख्खं गाव अंगणात लोटलं होतं, विहिरीवरच्या बाया पुढं, पोरं त्यांच्या कडेवर. ह्वाई पायरीवरच्या आसनावर निळ्या झग्यात बसली होती.

शेन लंगडत पुढं आला. चेहऱ्यावरून बरा माणूस वाटला. त्यानं दोन्ही हातांनी काठी तिच्या हातात दिली. मग यिन बाओ पुढं झाला, बर्फात गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"आई," तो म्हणाला.

"आईसाहेब," शेन म्हणाला, "असा मुलगा आजकाल कुणाला मिळतो? दोन शब्द आशीर्वादाचे बोला. घसा बसलाय कळलं मला. हळू बोला, आम्ही जवळ येतो."

ह्वाई खाली बघत होती. त्याची मान पुढं वाकलेली. केस पिकायला लागलेले. कानामागचा तीळ तसाच. त्याच्याबद्दल तिला एवढी माया दाटून आली की तिला वाटलं, गप्प बसावं, उठून त्याच्याबरोबर जावं, मरेपर्यंत आई व्हावं. कुणाचं काय जाणार होतं? फक्त तळघरातल्या एका बाईचं. आणि तिच्या नावानं तर कुणी बोलणारही नव्हतं, ह्वाईशिवाय.

तिनं तोंडावरचं फडकं काढलं.

"बाओ, ऊठ," ती म्हणाली. चार महिन्यांनी चारचौघात तोंड उघडलं होतं, आवाज खरखरीत निघाला. "बर्फात गुडघे धरतील तुझे."

गर्दीत कुणीतरी म्हणालं, "अगं बाई! ही तर ह्वाई!"

तिनं काठी त्याच्या हातात दिली. "ही धर. ज्यांची आहे त्या तळघरात आहेत."

मग ती शिडीकडे चालू लागली. शिबंदीची माणसं यिन बाओकडे बघत राहिली. त्यानं एक बोट हलवलं असतं तरी तिला ओढून खाली आणलं असतं. त्यानं हलवलं नाही. तो काठी धरून गुडघ्यांवरच राहिला. ह्वाईचे गुडघे कुरकुरत होते, कौलं निसरडी होती, दोनदा पाय सटकला. खाली बायांनी जीव मुठीत धरला. ती आढ्यावर पोचली, निळा झगा अंगातून काढला आणि आतल्या पातळ कपड्यांवर वाऱ्यात उभी राहिली. डाव्या हातात झग्याची गळपट्टी, उजव्या हातात झग्याची कमरेकडची बाजू, तोंड उत्तरेला.

"रोंग! बाईसाहेब रोंग, परत या हो!"

जन्मात पहिल्यांदा तिनं मालकिणीला घरच्या नावानं हाक मारली. नदीपलीकडून वारा आला तेवढाच.

"रोंग! घर इथंच आहे! परत या हो!"

तिसऱ्या वेळी तिनं तोंड उघडलं आणि आवाज फुटलाच नाही. चार महिने दबून राहिलेला घसा. तिनं आवंढा गिळला, पुन्हा तोंड उघडलं. नुसती वाफ निघाली. दोनच हाका झाल्या होत्या. तीन म्हणजे तीन! ती वरून खाली बघू लागली, आणि खाली सगळे वर तिच्याकडे.

"आई!"

घोगरा, फाटका आवाज. यिन बाओ उभा राहिला होता, मान मागं टाकून आभाळाकडे बघत. "आई, परत ये! आई गं!"

मग तो ढसाढसा रडू लागला, चाळीस वर्षांचा बाप्या, गावादेखत. ह्वाईनं झगा खाली सोडला. तो टोपलीत झेलायचा असतो, त्यानं तो छातीवर झेलला.

रिवाजाप्रमाणे ती मागच्या अंगणातल्या शिडीनं उतरली तेव्हा थंडीनं तिचे दात वाजत होते. यिन बाओ तिथं आला. त्यानं अंगातला मेंढीच्या कातड्याचा डगला काढून तिच्या खांद्यांवर टाकला.

"पहिल्याच दिवशी मला ढकलून चढली असतीस तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

"हो रे बाळा," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

शेननं त्याच्या कमरेचा काळा गोफ स्वतः सोडला. आईचं मरण लपवणं हा केवढा गुन्हा, ते लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी त्यानं दिवस मावळेपर्यंत सवड दिली. बाईसाहेबांना निळा झगा पांघरला, गावाबाहेर पुरलं, आणि पारव्याची काठी परत न्यायचा नियम असूनही शेननं ती त्यांच्याशेजारी ठेवू दिली. मग यिन बाओला गाडीत घातलं. ह्वाई डगला घेऊन धावली, पण त्यानं मान हलवली. "राहू दे तुला," म्हणाला. गाडी गेली.

त्या आठवड्यात निम्मं पिंगशी राळ्याची पोती घेऊन डोंगरापलीकडे गेलं. मालक जाणारच होता, गाव गुआन दूला जाणारच होतं, हे कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. जाताना एक बाई ह्वाईच्या दारात थुंकली. "एका मढ्यापायी गाव घालवलंस!" दुसरी कुणी उंबऱ्यावर उकडलेल्या शेंगा ठेवून गेली. ह्वाईनं दार पुसलं, शेंगा आत नेल्या. ती कुठं गेली नाही. बाईसाहेबांना घर दाखवून ठेवलं होतं, आता त्या आल्या तर कुणीतरी हवं.

गुआन दूची माणसं आली आणि घरात राहू लागली. त्यांनी तिला चुलीशी राहू दिलं. त्यांचा म्हातारा आचारी एके सकाळी भाजी चिरता चिरता सहज म्हणाला, "तुमच्या त्या अंमलदाराचं झालं बरं का. सुभ्याच्या बाजारात. वसंत लागला की मुंडकी उडवायची बंद होतात, म्हणून घाई केली म्हणे."

ह्वाईचे हात थांबले. "हाक कुणी मारली?"

"गुन्हेगाराला कोण मारतंय हाक, म्हातारे? घर तरी कुठं होतं त्याला तिथं?"

"इथं आहे," ह्वाई म्हणाली.

तिनं खुंटीवरचा बाओचा डगला घेतला. आचारी मागं मागं आला, "अगं पडशील, मरशील, माझ्या डोक्याला ताप," असं बडबडत राहिला, पण त्यानं शिडी धरली. ती आढ्यावर चढली आणि उत्तरेला तोंड केलं.

"बाओ, परत ये!"

"यिन बाओ, घरी ये!"

तिसऱ्या वेळी घसा पुन्हा आवळला. आता खालून कुणी हाक मारणार नव्हतं. ती आढ्याला धरून तिथंच बसली, श्वास आत घेतला, सोडला, परत घेतला. आचारी खालून म्हणाला, "झालं का गं?" ती म्हणाली, "थांब, एक राहिली."

मग ती उभी राहिली आणि तिसरी हाक तिनं स्वतःच मारली. "बाळा," ती ओरडली, "ये रे, आई आहे इथं!" डगला मात्र तिनं खाली टाकला नाही. पांघरायला देह कुठं होता? तिनं तो परत अंगात घातला, बटण लावलं आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरली.